कोंबडीचा घसा आणि गवयाचा श्वास

मिरग लागून चार दिवस झाले होते आणि पाऊस नुसता हूल देत होता. सातिवलीत आमच्या घरापुढे गाळ्यांची रांग आहे आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर. त्या संध्याकाळी समोरचा पॉवर प्रेस थांबला, डोंगर दिसेनासा झाला आणि थेंब पडायच्या आधीच वास आला. यंदा चौथीत गेलेली माझी नात खिडकीच्या गजांना नाक लावून उभी होती.

"आजोबा, पावसाचा वास आला!"

"पावसाला कसला वास? पाणी ते. हा जिवाणूंचा वास आहे."

"ईऽऽ!"

"ई काय? तुझी आजी या वासाच्या नादात गॅसवरचं दूध उतू जाऊ द्यायची."

आजीचं नाव निघालं की पोरगी कोपऱ्याकडे बघते. तिथे आजीचा तंबोरा गवसणीत उभा आहे. मिरजेचा. माहेराहून आणलेला हा एवढा एकच दागिना, असं ती म्हणायची. तिला जाऊन आठ महिने झाले. दर वर्षी पहिला पाऊस आला की ती तो बाहेर काढायची. हवेत ओल आली की खुंट्या फुगतात, तारा उतरतात. मग ती तासभर खुंट्या पिळत, पुटपुटत बसायची. मी म्हणायचो, तुझा अर्धा रियाज तंबोऱ्याशी भांडण्यात जातो. यंदा गवसणीला कुणी हात लावला नव्हता. मीही नाही.

"गोष्ट सांगतो," मी म्हणालो. "एका गवयाची. तिच्यात जिवाणू आहे, कोंबडी आहे आणि जिराफही आहे."

"जिराफ गातो?"

"छे. तो फारसा तोंड उघडत नाही. पण त्याच्या मानेत एक गंमत आहे. ती नंतर."

ती मांडी घालून बसली. मी कानातलं यंत्र नीट केलं. तीस वर्षं लेथवर काढली आहेत, त्यामुळे पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की समोरच्याचं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं.

बेळगावजवळ सुळेभावी नावाचं गाव आहे. तिथे 8 एप्रिल 1924 ला एक मुलगा जन्मला, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. घरात कानडी, आणि गाणंही घरातच. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायचा आणि हरकतीसकट, खटक्यासकट जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. त्या कोवळ्या वयात एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मग तो मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला आला. 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये गायला तेव्हा वय जेमतेम अकरा-बारा. ऐकणाऱ्यांमध्ये मुरलेले गवई होते, आणि ते या पोराकडे बघतच राहिले.

"म्हणजे माझ्याहून थोडा मोठा."

"थोडा. आणि तुझ्याएवढाच बडबड्या."

1947 मध्ये भानुमती कंस या गायिकेशी त्यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्षयानं गाठलं. वय तेवीस.

आता या क्षयाच्या जंतूविषयी ऐक, कारण गड्याची चाल वेगळी आहे. आपल्या आतड्यातले साधे जिवाणू सोय असली की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्याच कामाला वीसेक तास लागतात. तो विलंबित लयीतला प्राणी आहे. अंगावर मेणचट कवच, घाई म्हणून नाही. फुप्फुसात बैठक मारतो आणि सावकाश बढत करत जातो. गवयाचं फुप्फुस म्हणजे त्याची तिजोरी. आपल्याला वाटतं छातीत दोन पिशव्या आहेत. पिशव्या कुठल्या, आत कोट्यवधी इवले फुगे आहेत. सगळे उलगडून पसरले तर जवळपास बॅडमिंटनचं मैदान भरेल. तू-मी एरवी श्वास घेतो तेव्हा त्यात अर्धा लिटर हवा ये-जा करते, बाकीची जागा शिलकीत पडून असते. लांब तान घेणारा गवई त्या शिलकीवर जगतो. क्षय नेमकी शिलकीवर धाड घालतो.

कोरडी हवा बरी म्हणून 1948 च्या सुरुवातीला नवरा-बायको माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांनी बजावलं, गायचं नाही.

"किती दिवस?"

"पाचेक वर्षं."

तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि डोळे मोठे केले. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, "मी तर मेलेच असते."

भानुमतीबाईंनी देवासच्या शाळेत नोकरी धरली. संसार त्यांच्या पगारावर, आणि आजाऱ्याचं सगळं त्यांच्या हातावर. गवई खाटेवर पडून. तोंड बंद होतं, कान काही बंद नव्हते. खिडकीबाहेरून माळव्यातल्या बाया जायच्या. लग्नाची गाणी, पावसाची, पाळण्याची. तीन-चार सुरांत फिरणारी गाणी, कुणी न शिकवलेली. भिक्षा मागणारे नाथपंथी जोगी यायचे, एकटे, मोकळ्या आवाजात कबीर गात. गळ्याने घराणेदार गाणं पेललेला हा माणूस पहिल्यांदाच नुसता ऐकत होता. पुढे त्यांनी शेकडो लोकगीतं गोळा केली आणि त्या धुनांतून नवे राग बांधले. मालवती, संजारी, लगनगंधार. त्यांना ते 'धुनउगम' राग म्हणायचे. धुनेतून उगवलेले.

आजारपण चांगलं असतं, असं मात्र कुणी यावरून सांगू लागलं तर ऐकू नकोस. असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच काळात क्षयाने गेलेले, नाव नसलेले कितीतरी गळे असतील. त्यांच्या खाटेशेजारीही खिडकी होतीच.

"मग हे कसे वाचले?"

आता कोंबडी.

माळव्यापासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे अमेरिकेत न्यू जर्सीला रटगर्स विद्यापीठ आहे. तिथे सेलमन वॅक्समन नावाचे मातीचे पंडित होते. मातीतले जिवाणू एकमेकांशी कसे लढतात हे बघणं, एवढाच त्यांचा ध्यास. त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ, वय तेवीस, म्हणजे कुमारांना आजार झाला त्याच वयाचा, तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करायचा. ऑक्टोबर 1943 मध्ये त्याला एक करड्या-हिरव्या रंगाचा जिवाणू सापडला, स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस. त्याचे दोन नमुने होते. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतला. आणि दुसरा...

"कोंबडीतला!"

"कोंबडीच्या घशातला. धडधाकट कोंबडी होती. घशात बोळा फिरवला आणि त्यात हे महाशय निघाले."

ती इतकी हसली की खालच्या गाळ्यातल्या वॉचमनने वर बघितलं. मी तिला हसू दिलं. गवयाचा घसा कोंबडीच्या घशाने राखला, यावर हसायचं नाही तर कशावर?

या जिवाणूने बनवलेलं रसायन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर लागू पडलेलं पहिलं खरं औषध. ते काय करतं बघ. प्रत्येक जिवाणूच्या आत एक कारखाना असतो. हुकूम वाचायचा आणि त्याप्रमाणे प्रथिनं बनवायची. स्ट्रेप्टोमायसिन त्या वाचणाऱ्याला जाऊन चिकटतं. मग तो नोटेशन चुकीचं वाचतो. रिषभाच्या जागी मध्यम, मध्यमाच्या जागी भलतंच. चुकीची प्रथिनं साचत जातात आणि जंतूचा खेळ आटोपतो. 1952 मध्ये वॅक्समनना नोबेल मिळालं, एकट्यांना. शॅट्झला त्याआधी आपला वाटा सिद्ध करायला कोर्टात जावं लागलं होतं. आपल्याकडे बंदिशीत रचणारा स्वतःची मुद्रा गुंफून ठेवतो. सदारंगाने अडीच-तीनशे वर्षांपूर्वी ठेवलेलं नाव आजही दर मैफिलीत कुणी ना कुणी उच्चारतं. विज्ञानवाल्यांनी ही सोय करून घ्यायला हवी होती.

"पण आजोबा, वासाचं काय?"

शाबास. विसरली नाहीस.

हे स्ट्रेप्टोमायसीस घराणं मोठं आहे. तुंगारेश्वरच्या पाचोळ्याखाली ते आहे, या कुंडीत आहे, अंगणातही आहे. बुरशीसारखे त्याचे धागे असतात आणि कुजलेल्या पानांवर ते जगतं. माती सुकली, खाणं संपत आलं की त्याच्या वस्तीत एक विचित्र गोष्ट होते. वस्तीतले काही धागे स्वतः मरतात, विरघळतात. त्यांच्यातून मिळालेल्या पोषणावर उरलेले धागे उभे राहतात आणि टोकाला बीजाणू धरतात, पुढच्या पावसासाठी राखून ठेवलेले. आणि याच टंचाईच्या दिवसांत ते जंतुनाशक बनवतात, आणि जिओस्मिन नावाचं एक रसायन. या शब्दाचा अर्थच मातीचा गंध. 1965 मध्ये त्याला ओळखून हे नाव दिलं ते नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लशेव्हालिए यांनी, आणि कुठे? त्याच रटगर्समध्ये.

पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येतात आणि सोड्यासारखे फसफसून फुटतात. त्यांच्याबरोबर मातीचा गंध हवेत उडतो. 2015 मध्ये अमेरिकेत हे कॅमेऱ्यावर टिपून दाखवलं. आणि आपलं नाक या वासाला भलतं तरबेज आहे. एक लाख कोटी कणांत जिओस्मिनचे पाच-दहा कण असले तरी कळतं. शेजारच्या गल्लीत पाऊस पडला की इथे वास येतो तो त्यामुळे.

"पण ते जिवाणू वास सोडतात कशाला? आपल्यासाठी?"

आपल्याला कोण विचारतो. मातीत स्प्रिंगटेल नावाचे तिळाहून लहान जीव असतात, शेपटीने उडी मारणारे. या वासाने ते खेचले जातात, जिवाणू खातात, आणि बीजाणू अंगावर, पोटात घेऊन दुसरीकडे नेऊन टाकतात. हे 2020 मध्ये उलगडलं. म्हणजे ती बीजाणूंची टॅक्सी. कनौजला मातीचं अत्तर काढतात, कवींनी पानंच्या पानं भरली, गवयांनी मल्हाराचे दहा प्रकार केले. आणि मुळात तो आवाज होता टॅक्सी बोलावण्याचा.

बाहेर सर चांगलीच धरली होती. मी उठून खिडकीचं एक दार ओढून घेतलं, एक उघडं ठेवलं.

तर हे औषध पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला देवासला पोचलं. पण त्यात एक काटा होता. स्ट्रेप्टोमायसिन कानाला मारक ठरू शकतं. कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्यात पंधराएक हजार पेशी, डोक्यावर बारीक केस असलेल्या. सूर आला की ते केस हलतात आणि मेंदूला निरोप जातो. माणसाची अशी पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. माझ्या लेथने खाल्ल्या तशा. त्यातल्या वरच्या, बारीक सुरांच्या आधी जातात, म्हणून मला तुझ्या मैत्रिणींचं बोलणं कळत नाही आणि वॉचमनचं कळतं. हे औषध कानातला तोल सांभाळणाऱ्या पेशींनाही धक्का देतं. एका गवयाला छाती वाचवायला कान पणाला लावायचे होते.

"आणि कोंबडीला?"

मी चमकलो. हा प्रश्न मी काढणारच होतो, पण तिने आधी काढला.

"कोंबडीच्या कानातल्या त्या पेशी परत उगवतात. 1988 च्या सुमारास शास्त्रज्ञांना हे कळलं. मोठ्या आवाजाने, औषधाने मेल्या, तरी काही दिवसांत नव्या तयार. सगळ्या पक्ष्यांचं तसंच. आपल्याला ती सोय नाही. आपलं जे गेलं ते गेलं."

ती गप्प बसली. मी पण थोडा वेळ पावसाकडे बघितलं.

कुमारांचे कान वाचले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं होतं. 1953 मध्ये ते अलाहाबादला पुन्हा मैफिलीत बसले. आता ऐकणाऱ्यांपुढे वेगळंच गाणं आलं. लांबलचक, दमसासाच्या ताना ज्याला परवडत नाहीत तो काय करेल? त्यांनी तुकडे छोटे केले. झपकन वर झेपावणारा सूर, मग थांबा. पुन्हा एक लहान ओळ, पुन्हा शांतता. ही शांतता त्यांनी लपवली नाही, सुरासारखीच वापरली. काही जुन्या जाणत्यांना ते रुचलं नाही, हे गाणं कुठल्या घराण्याचं म्हणून कपाळाला आठ्या पडल्या. तुझी आजी कुमारांच्या बाजूची आणि मी विरुद्ध. लग्नानंतर पहिलं भांडण आमचं यावर झालं. मला भरघोस, पल्लेदार तान आवडायची. ती म्हणाली, तुम्ही गाणं ऐकत नाही, फुप्फुसं मोजता.

"कोण जिंकलं?"

"तीच. उशिरा."

आता गोष्टीतला अवघड भाग. ज्या भानुमतीबाईंनी नोकरी करून, सेवा करून त्यांना खाटेवरून उठवलं, त्या 1961 मध्ये दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. थोरला मुलगा मुकुल लहान होता आणि धाकटा नुकता जन्मलेला. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी कुमारांचं घर आहे, त्याचं नाव 'भानुकुल'. पुढे वसुंधराबाईंशी त्यांचं लग्न झालं. त्याही गायिका, दोघं एकत्र गायचे. आणि कबीर, जोग्यांकडून ऐकलेला तो निर्गुणी कबीर, त्यांनी अशा आवाजात म्हटला की त्याला दुसरं नावच उरलं नाही.

"रडू नाही आलं त्यांना गाताना?"

हाच प्रश्न लोक नाटकात गाणाऱ्या बालगंधर्वांविषयी विचारतात. 12 मार्च 1911 ला मुंबईत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तरीही ते रात्री गायले. कुमारांनी पुढे 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रम केला, इतकं त्यांचं त्या गळ्यावर प्रेम. लोक त्या प्रयोगाची गोष्ट कर्तव्याची म्हणून सांगतात. सांगोत. मला आपलं वाटतं, त्या रात्री घरी बसण्यापेक्षा गाणं त्यांना जवळचं वाटलं असेल. पण ते कसं शक्य झालं, याचं उत्तर घशात आहे. इकडे ये. इथे बोट ठेव आणि 'सा' म्हण.

तिने गळ्यावर बोट ठेवून 'साऽ' लावला. बोट थरथरलं.

आत श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन स्वरतंतू आहेत. नावाला तंतू, पण आहेत मऊ पडद्याच. मोठ्या माणसाच्याही जेमतेम एक ते अडीच सेंटिमीटरच्या. गाताना त्या एकमेकींजवळ येतात, खालून हवा त्यांना उघडते, त्या पुन्हा मिटतात. तुझी आजी काळी चारमध्ये गायची. तिच्या मध्य षड्जाला त्या एका सेकंदात सुमारे 208 वेळा उघडमीट करायच्या. आणि रडताना? शरीराला वाटतं संकट आलंय, हवा जास्त हवी. म्हणून ते दार उघडं धरतं. आपण गिळायला जातो तेव्हा दार मिटायला हवं असतं. एक स्नायू ओढतो इकडे, दुसरा तिकडे. ती ओढाताण म्हणजेच घशातला आवंढा. गळा दाटून येतो म्हणतात ना, त्यात दाटलेलं काहीच नसतं. फक्त एक दार, आणि त्याच्यावर दोघांचे हात.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. आजी गेली त्या दिवसांत मी पहाटे उठून इथे बसायचो. मला गाता येत नाही, पण तीस-चाळीस वर्षं शेजारी ऐकून ऐकून एक सा तेवढा लावता येतो. सा लावायला जायचो, हुंदका यायचा आणि सा जायचा. पुन्हा लावायचो. सा नीट लागला की तेवढ्यापुरता हुंदका यायचाच नाही. दोघांना एकाच वेळी त्या दारातून जाता येत नाही. हुंदका बाहेर उभा राहायचा आणि सा सुटला की आत यायचा. मी त्याला हाकललं नाही. फक्त पाळी लावून दिली.

"मी झोपलेली असायचे तेव्हा?"

"तू झोपलेली असायचीस."

आता जिराफ. मेंदूपासून स्वरतंतूंपर्यंत एक नस येते. खरं तर वीतभर अंतर. पण डावीकडची नस सरळ येतच नाही. ती मान ओलांडून छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि परत वर चढून गळ्याशी येते. जिराफाची तर चार मीटरच्या वर फिरून येते.

"एवढी लांब? कशाला?"

आपले फार जुने पूर्वज मासे होते, म्हणून. माशाला मान नसते. त्याच्या कल्ल्यांजवळ ती नस आणि रक्तवाहिनी शेजारी शेजारी होत्या, रस्ता सरळ होता. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, आणि नस रक्तवाहिनीत अडकून तशीच खाली खेचली गेली. कुणी ती कापून सरळ केली नाही. म्हणून आजही तुझ्या प्रत्येक शब्दाचा हुकूम काळजाला वळसा घालून येतो. हृदयाजवळची ती जागा काही दुखण्यात फुगली तर नस दाबली जाते आणि माणसाचा आवाज बसतो. डॉक्टर घसा बघत राहतात आणि दुखणं असतं छातीत.

तिने वही आणून जिराफ काढला. नस लाल स्केचपेनने. हृदय बदामासारखं काढलं. मी दुरुस्त केलं नाही.

आणखी एक सांगतो. माझ्याबरोबर लेथवर वसई गावातला एक गडी होता, ख्रिस्ती. त्याच्या घरी वडील वारले तेव्हा मी गेलो होतो. सगळे गुडघ्यावर बसून रोझरी म्हणत होते. एकजण अर्धी प्रार्थना म्हणायचा, बाकीचे उरलेली अर्धी. पुन्हा, पुन्हा, पन्नास वेळा. मी मनात म्हटलं, एवढं तेच-तेच कशाला? पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं. इटलीत पाविया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तेवीस माणसांना लॅटिनमधली रोझरी म्हणायला लावली आणि दुसऱ्या वेळी 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र. 2001 मध्ये त्यांनी छापलं की दोन्हींत श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी आपण बारा-पंधरा घेतो. आणि सहावर आला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोघेही श्वासाच्या तालावर वरखाली होऊ लागतात. श्वास आत घेताना ठोका जरा चढा, सोडताना संथ. हे ज्या नसेमुळे होतं तिचीच फांदी ती, जिराफवाली.

विलंबित ख्याल गाणारा किंवा नुसता लांब सा लावणारा, श्वास झटकन घेतो आणि पुरवून पुरवून सोडतो. सोडणं लांबतं, ठोका उतरतो. दुःख तिथेच असतं. म्हणून गाण्याने दुःख बरं होतं असं मी म्हणत नाही. औषध बरं करतं, तेही कधीकधी. गाणं काय करतं ते मला नीट सांगता येत नाही. माझ्या मित्राच्या घरात त्या रात्री सगळ्यांचा श्वास एका वेळी आत जात होता आणि एका वेळी बाहेर येत होता, एवढं मी पाहिलं.

"त्या गवयाचं पुढे काय झालं?"

1990 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 12 जानेवारी 1992 ला देवासलाच गेले. एवढ्याशा श्वासावर जवळजवळ चाळीस वर्षं गायले. बातमी आली तेव्हा तुझी आजी पोळ्या करत होती. तिने गॅस बंद केला, हात धुतले आणि तंबोरा काढला. गायली नाही. नुसता जुळवत बसली. कुमार तंबोऱ्याच्या बाबतीत फार काटेकोर होते ना.

गोष्ट संपली होती, पण पोरगी उठली नाही. पाऊस उताराला लागला होता.

"मी काढू?"

"काढ. भोपळा सांभाळ."

गवसणीची नाडी सुटता सुटेना. मग सुटली. आतून जुन्या लाकडाचा, कापराचा वास आला. या वासाला कुठला जिवाणू ते मला ठाऊक नाही. तारा पार उतरल्या होत्या. मी खुंटी पिळायची, तिने छेडायचं. पंचम, दोन जोडाच्या, शेवटी खर्ज. बोटांना सवय नव्हती, ताकदही नाही. दोनदा जोडाची तार माझ्याकडून इतकी चढली की तिने डोळे मिटून घेतले. मग मणी सरकवले. मग घोडीवर तारेखाली दोरा. आजी तो दोरा केसभर पुढे, केसभर मागे करायची आणि एका जागी थांबायची. "लागली जवारी" म्हणायची.

"दोऱ्याने काय होतं?"

घोडीचा माथा सपाट नाही, थोडा बाकदार आहे. तार हलताना त्या बाकावर घासत, टेकत राहते, आणि एका सुरातून त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे वरचे सूर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलंय. दोरा म्हणजे ती टेक नेमकी करण्याची युक्ती. आता नुसता खर्ज छेड, शेवटची तार. आणि छेडलेला सूर ऐकू नकोस. त्याच्या वर काय आहे ते ऐक.

तिने छेडली. कान भोपळ्याला लावला. पुन्हा छेडली.

"आजोबा, आणखी कुणीतरी आहे आत."

"कुठला सूर?"

चारही तारांत तो नाही. पंचम आहे, षड्ज आहे. खर्जाची कंपनं पाचपट झाली की तो आपोआप उगवतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला माहीत होता. पण मी कानातलं यंत्र पुढेमागे केलं, बटण चढवलं, तरी पागोळ्यांच्या आवाजात मला तो मिळेना.

"सापडत नाही मला," मी म्हणालो. "कसा आहे?"

तिने तार पुन्हा छेडली, गळ्यावर बोट ठेवलं आणि तो गाऊन दाखवला.